टोपलीतली चिमणी

त्या शिवणखान्यात तिला नावानं कुणी हाक मारत नसे, ती काजवाली. दिवसभर शर्टांना काजं करायची, आणि पायाशी, चिंध्यांच्या टोपलीजवळ, तिची लेक बसायची. पोरीचं तोंड क्षणभर मिटत नसे, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. "हिला शिकवणार मी. या मशीनवर हिची सावलीसुद्धा पडू देणार नाही," काजवाली भेटेल त्याला सांगायची.

आता तिला मूर्ख म्हणायला सगळेच तयार आहेत. म्हणा. पण आधीची लस टोचली तेव्हा चिमणीला ताप आला, काजवाली दोन दिवस घरी राहिली, आणि परत येते तर शिवणखान्याच्या मास्तरांनी तिचं मशीन दुसरीला दिलेलं. ते मिळवायला महिनाभर हातापाया पडावं लागलं.

म्हणून नर्सबाई गोवराची लस घेऊन थेट शिवणखान्यात आल्या, तेव्हा काजवालीनं चार वर्षांच्या चिमणीला टोपलीत बसवलं, वर चिंध्या टाकल्या आणि ओठांवर बोट ठेवलं. जन्मात गप्प न बसलेली पोर त्या दिवशी हूं की चूं न करता बसली. लपाछपीच वाटली तिला. मालकांनी मात्र आपल्या मुलीला वरच्या मजल्यावरून मुद्दाम खाली आणून टोचून घेतलं. लस तीच, दोघींनाही फुकटच. त्या मुलीला ताप आला असता तर तिच्या आईची जागा जाणार नव्हती, एवढाच काय तो फरक.

पुढच्याच वर्षी वस्तीत गोवर आला आणि त्यानं चिमणीला गाठलं. ताप उतरला, पण कान गेले. मग हळूहळू शब्दही गेले. शाळेनं हात वर केले. मालकांची मुलगी दप्तर घेऊन जिना उतरते, तेव्हा काजवाली मान वर करत नाही.

चिमणी आता आठ वर्षांची आहे. त्याच टोपलीशेजारी बसून तयार शर्टांचे धागे कापते. "बरं आहे," मास्तर म्हणाले, "या खडखडाटानं हिचं डोकं तरी उठत नाही." काजवालीनं पुढचा शर्ट ओढला.

परवा नर्सबाई दुसरी लस घेऊन पुन्हा आल्या. गेलं मशीन तर गेलं, म्हणत काजवाली उठली आणि सगळ्यांच्या आधी रांगेत उभी राहिली. मागे वळून बघते तो चिमणी टोपलीत शिरलेली. अंगावर चिंध्या ओढलेल्या, ओठांवर बोट, डोळ्यांत हसू.

"अगं, बाहेर ये! बाहेर ये गं बाई!" काजवाली गळा फाटेस्तोवर ओरडली. सगळी मशीनं थांबली. चिमणी टोपलीतच बसून राहिली.