आजोबांच्या चटईवर लुआन यू

सोंग राज्यातल्या आमच्या गावात लुआन यू नावाचा कुंभार होता. मेलेल्यांना काही कळत नाही, असं तो भेटेल त्याला सांगत सुटे. गंमत अशी, की त्याचं पोट मेलेल्यांवरच चाले. कबरीत ठेवायची भांडी तो बनवी आणि ती धड भाजायचीही तसदी घेत नसे. "गळली तर तक्रार कोण करणार?" असं गिऱ्हाइकालाच विचारी.

पितरांच्या पूजेत मेलेल्याच्या जागी नातवाला बसवायची आमची रीत, आणि लुआनांच्या घरात नातू हा एकच. आजोबांचा झगा चढवून यूला चटईवर बसवलं. एरवी त्याला 'बैला' म्हणून हाक मारणारा बाप त्याच्यापुढे जमिनीला डोकं टेकू लागला, तेव्हा यूला मनातून गुदगुल्या झाल्या. त्याने ठरवूनच ठेवलं होतं. सगळे भाऊबंद जमले की उठायचं आणि ठणकावून सांगायचं, इथे कुणी आजोबा-बिजोबा आलेले नाहीत, हे थोतांड आजपासून बंद.

नैवेद्याचं डुक्कर खाऊन झालं. त्यात नास्तिकाने काही कसर ठेवली नाही. आता उठणार, एवढ्यात आजी पुढे आली. तिच्या हातात राळ्याच्या दारूचा प्याला होता.

"अहो," ती म्हणाली, "शेवटच्या दिवशी तुम्ही घोटभर मागितलीत. वैद्य नको म्हणाला, म्हणून मी दिली नाही. रागावलात का हो माझ्यावर?"

पुरोहित गडबडला. पितरांना असलं काही विचारायची पद्धतच नव्हती. बाप खालूनच पुटपुटला, "मान डोलाव रे, नुसती मान डोलाव!"

यूचं भाषण जिभेवर तयार होतं. पण आजीचा चेहरा बघून त्याला फार वाईट वाटलं. त्याने प्याला घेतला आणि एका दमात रिकामा केला.

"नाही गं," तो म्हणाला. "माझ्या भल्यासाठीच केलंस तू. मी कधीच रागावलो नव्हतो."

बायका रडल्या. नास्तिकाच्या तोंडून पितर बोलले, अशी गावभर बोंब झाली आणि यूला तोंड दाखवायला जागा उरली नाही. पण त्याहून आजीला फसवलं हे त्याला जास्त खात होतं. संध्याकाळी तो तिच्याकडे गेला.

"आजी, ते आजोबा नव्हते. मीच बोललो."

"मला शिकवतोस?" आजी शेंगा सोलत म्हणाली. "जन्मभर संसार केलाय त्यांच्याबरोबर. ते असते तर प्याला माझ्याच अंगावर भिरकावला असता."

"मग विचारलंस कशाला?"

"त्यांनी मला कधीच माफ केलं नसतं रे," ती म्हणाली. "कुणीतरी करायला हवं होतं."