झाडांची सेकंड शिफ्ट

१९९२. जानेवारीतला एक मंगळवार, दिवेलागणीनंतर. ठिकाण: नवीन पनवेल, आमच्या ब्लॉकची गॅलरी. हजर: सासरे, सासूबाई, मी. शिवाय पुदिना, कोथिंबीर, ओवा. गैरहजर: आमचे हे, न्हावा शेवा बंदरात सेकंड शिफ्टवर.

ब्लडप्रेशर वाढल्यामुळे डॉक्टरांनी सासऱ्यांचं मीठ जवळजवळ बंद केलं होतं. अळणी आमटीचे दोन घास खाऊन ते उठायचे. सदरे ढगळ व्हायला लागले. म्हणून मी यांनी बंदरावरून आणलेल्या लाकडी खोक्यांत माती भरून ही तिघं लावली. दुपारी सासूबाई ताजी पानं खुडून घालायच्या आणि सासरे पोटभर जेवायचे. रात्रीचं मात्र अडायचं. मी ऑफिसातून येईपर्यंत अंधार पडलेला, आणि दिवा लागला की झाडं झोपतात, पान तोडायचं नाही, हा सासूबाईंचा नियम. दुपारी खुडून ठेवलेलं सासरे वास घेऊन बाजूला सारायचे. मीठ गेल्यापासून त्यांचं नाक फार तिखट झालं होतं.

त्या मंगळवारी ते रिकामं ताट घेऊनच गॅलरीत आले. झाडांना रात्र झाल्याचं कळतं कशावरून, असं त्यांनी सासूबाईंना विचारलं. अंधारावरून, त्या म्हणाल्या. सासऱ्यांनी ताट माझ्याकडे दिलं, बाथरूममधला बल्ब काढला आणि गॅलरीत लावला.

सासूबाईंनी वाकून पुदिना न्याहाळला. तो जागा होता, इलाज नव्हता.

"घे. पण विचारून घे."

मी विचारलं.

"काय म्हणाला?" सासरे.

"हो म्हणाला."

"मग कोथिंबिरीलाही विचार. भूक लागलीय."

त्या रात्री त्यांनी आमटी मागून घेतली.

थोड्या दिवसांनी ओव्याने मान टाकली. मला वाटलं पाणी जास्त झालं. सासूबाईंचं निदान: जागरण. मग मी पाळ्या लावल्या. आज पुदिना, उद्या कोथिंबीर; ज्याची सुट्टी त्याच्यावर टॉवेल. बंदरात आम्हाला एवढी रजा मिळत नाही, असं हे म्हणाले. सासरे पाटावर बसताना, आज ड्युटीवर कोण, एवढंच विचारायचे. सदरे पुन्हा अंगाला बसू लागले.

टॉवेल वाऱ्याने उडायचा, म्हणून ओव्याला नाडीचा पडदा शिवायचं ठरलं. मी कापड आणलं, सासऱ्यांनी ते लपवलं. तो कायमचा झोपला तर मी चटणी कशाची खाऊ, हा त्यांचा सवाल.

कापड परवा माळ्यावर सापडलं. पडदा शिवायचा राहिला आहे.