आम्ही तिघं आणि तो पोर्टफोलिओ

नोकरी शोधायला निघालं की नोकरी सोडून बाकी सगळं मिळतं! सल्ले मिळतात, चहा मिळतो, आणि किस्से तर इतके, की कोणता कोणाचा हेच आठवत नाही. आम्ही तिघं एकाच वर्षी बी.कॉम. झालो. मी नंदनवनचा, प्रफुल्ल उमरेडचा, वैशाली कामठीची.

एका शिबिरात सरांनी सांगितलं, "नुसता बायोडाटा चालत नाही आता. केलेलं काम पुराव्यासकट दाखवा. त्याला पोर्टफोलिओ म्हणतात."

तिथून गोंधळ सुरू!

* * *

प्रफुल्लनं जेवताना घरी सांगितलं, "बाबा, मी पोर्टफोलिओ बनवून राहिलो."

बाबांचा घास हातातच राहिला. "शेअर बाजारात गेला काय बे तू?"

प्रफुल्लनं सगळं नीट समजावलं. बाबांनी शांतपणे ऐकलं, मान डोलावली.

"समजलं. पण बुडाले किती?"

* * *

शिबिरातले सर म्हणाले, दोन पानं पुरे. वैशालीच्या ओळखीच्या एक एचआर मॅडम म्हणाल्या, वीस तरी पाहिजेत. कोणाचं ऐकायचं? शेवटी आम्ही त्या दोघांनाच फोनवर जोडून दिलं. बराच वेळ वाद चालला. मग सरांचा आवाज एकदम मऊ झाला.

"मॅडम, तुमच्याकडे एखादी जागा आहे काय हो?"

* * *

माझ्याकडे दाखवायला होतं कॉलेजच्या गॅदरिंगचं काम. सगळी व्यवस्था मी पाहिली होती. त्याचाच एक फोटो टाकला. इंटरव्ह्यूला साहेबांनी तो मोठा करून पाहिला. "यात तुम्ही कुठे आहात?"

मी पडद्यामागे होतो. वायर धरलेला हात तेवढा दिसत होता. म्हटलं, "सर, हा हात माझा."

साहेब बराच वेळ हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हाताचं ठीक आहे. बाकीच्या तुमचं कळवतो."

अजून कळवलं नाही!

* * *

प्रफुल्ल लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचा. त्यानं तेच एका ऑफिसात दाखवले. पहिलाच व्हिडिओ लागला आणि मॅनेजर ओरडले, "अरे, हे तर माझ्या साळ्याचं लग्न!"

सगळं ऑफिस गोळा झालं. वरात पाहिली, पंगत पाहिली. मॅनेजरनं स्वतःचा नाच दोनदा पाहिला. शेवटी प्रफुल्लच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मस्त! मले व्हॉट्सॲप कर."

उमरेडच्या बसमध्ये बसल्यावर प्रफुल्लच्या लक्षात आलं, आपल्याला कोणी नावही विचारलं नाही.

* * *

वैशालीनं मामाच्या दुकानाचा स्टॉक कॉम्प्युटरवर बसवला होता. त्याचे सगळे तक्ते तिच्या पोर्टफोलिओत होते. वर्षभर ती तो घेऊन फिरली, कोणी उघडलासुद्धा नाही. त्यातच मावशीनं तिच्यासाठी स्थळ काढलं, आणि लग्नाचा बायोडाटा समजून मुलाकडच्यांना पाठवला तो पोर्टफोलिओच!

रविवारी मंडळी आली. मुलाच्या वडिलांचं टाइल्सचं मोठं दुकान. वैशाली पोहे घेऊन आली, तर त्यांनी प्लेट बाजूला ठेवून मोबाईल समोर धरला.

"हे तक्ते तूच बनवले काय वं पोरी?"

"हो जी."

"कोणी मदत नाही केली?"

"नाही जी."

त्यांनी मुलाकडे पाहिलं, पुन्हा मोबाईलकडे पाहिलं. "मग उद्यापासून येतेस?"

मावशीनं आनंदानं पदर डोळ्याला लावला. "उद्या? अहो, मुहूर्त तरी पाहू द्या!"

"मुहूर्त कशाले?" ते म्हणाले. "दुकान साडेदहालेच उघडते."