लिफ्टपर्यंतची रांग

मामांच्या ऑपरेशनसाठी रुग्णालयात बसलो होतो. शेजारच्या बाकावर एका रिक्षावाल्याची बायको होती. नवऱ्याचा मेंदू मृत झाल्याचं डॉक्टरांनी तिला सांगितलं आणि ते निघून गेले. अवयवदानाबद्दल अवाक्षर नाही. तिथला नियमच तसा: मृत्यू सांगणाऱ्याने अवयव मागायचे नाहीत. मागणारी समन्वयक वेगळी. ती येऊन नुसती शेजारी बसली.

"छाती हलतेय की त्यांची," काचेतून आत बघत बायको म्हणाली.

"ते मशीन हलवतंय, ताई."

बऱ्याच वेळाने बायकोनेच विचारलं, "आता पुढं काय?" तेव्हा कुठे समन्वयक म्हणाली, "त्यांचं यकृत, मूत्रपिंडं दिलीत तर दुसरी माणसं जगतील. नाही म्हणालात तरी चालेल."

"रिकामी रिक्षा कधी घरी आणली नाही त्यांनी. कुणाला तरी बसवूनच यायचे," ती म्हणाली. "घ्या."

स्ट्रेचर निघालं तेव्हा लिफ्टपर्यंत दोन्ही बाजूंना डॉक्टर, नर्स, सफाई कामगार मानवंदनेला उभे होते. कुणी सांगितलं नसताना बाकांवरचे आम्हीही उठलो. एवढी मोठी व्यवस्था, आणि ती सगळी एका बाईच्या शब्दासाठी थांबलेली होती.

लिफ्टचं दार मिटण्याआधी बायको नवऱ्याकडे वाकली. रोज सकाळी म्हणत असेल तसंच म्हणाली, "सावकाश जावा."