मुक्या पट्टीचा गंधार

बक्ष्यांच्या घरातली पेटी एका सुरापुरती मुकी होती. सूर म्हणजे तरी कोणता, तर मधल्या सप्तकातला गंधार. ज्याच्यावाचून भूप राग म्हणजे मिठावाचून वरण, नेमका तोच. पट्टी दाबली की भात्यातली हवा फुस्स करून निघून जाई आणि बाकी काही होत नसे. आतली पितळी जीभ कधीतरी मोडली होती. "नागपूरला कुणी जाणारं असलं की पाठवू," असं पुंडलिकराव बक्षी म्हणत. जबलपूरहून नागपूरला जाणाऱ्यांना काय तोटा? प्रांताची राजधानीच ती, कोर्टाची कामं, कचेरीची कामं, सोयरिकी, रोज कुणीतरी निघे. पण दुसऱ्याची पेटी मांडीवर घेऊन गाडीत बसायला कोण तयार होणार? पेटी घरातच राहिली आणि होता होता घराला मुक्या पट्टीची सवय झाली.

पुंडलिकराव रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. नागपूरकर भोसल्यांच्या चाकरीत त्यांचे पूर्वज इकडे आले असं ते सांगत, आणि ते सांगताना त्यांची मान जरा ताठ होई. बाकी ताठ राहावं असं घरात फारसं काही नव्हतं. धाकटी पमी पाळण्यात असतानाच त्यांची बायको गेली. थोरली सत्यवती तेव्हा लग्नाला आलेली. सागरचं एक स्थळ चालून आलं होतं, मुलगा पाहून झाला होता, पत्रिका जुळत होत्या. आई गेली आणि बोलणी थांबली ती थांबलीच. ते लोक पुन्हा आले नाहीत आणि हिनेही कधी विचारलं नाही. पाळण्यातली पमी आणि नुकता बोलायला लागलेला शरू, दोघं तिच्या पदराला लटकली. पुढे तिला मुलींच्या शाळेत नोकरी मिळाली आणि गाव तिला बाई म्हणू लागलं.

सत्यवतीला गाणं आईकडून आलं होतं. आईला तरी कुठलं शिक्षण? पण तिचा भूप पक्का होता. तो तिने लेकीच्या गळ्यात उतरवला, आणि लेकीने तो शरू-पमीला द्यायचं ठरवलं. ठरवलं खरं, पण वेळ कुठली? दिवसा शाळा, संध्याकाळी चूल. तेव्हा रिवाज असा पडला की पोरांनी बाहेरच्या खोलीत पेटी घेऊन बसायचं आणि ताईने भिंतीपलीकडून, चुलीपुढून शिकवायचं. सा. रे. पुढची पट्टी मुकी. पोरं थांबत, आणि स्वयंपाकघरातून खणखणीत गंधार येई. तो कानात घेऊन पोरं आपला गंधार त्याला जुळवत आणि, भूपात मध्यम नसतो म्हणून, थेट पंचमावर जात.

ताई कधी फुंकणीने चूल फुंकत असे, कधी तोंडात चवीपुरती आमटी असे. अशा वेळी गंधाराला उशीर व्हायचा. मग पोरं आ वासून वाट बघत बसत. सत्यवती शिकवणारी मायाळू होती, पण एका बाबतीत कडक. "अंदाजाने सूर लावायचा नाही. येईस्तोवर थांबायचं," हा तिचा दंडक. एकदा शरूने घाई करून आपल्याच मनाने गंधार लावला, तेव्हा ती पळी घेऊन बाहेर आली होती. पळीला पिठलं लागलेलं होतं. शरूच्या सदऱ्यावरचा तो डाग पुढे कितीतरी दिवस गेला नाही.

अशी काही वर्षं गेली. एका दिवाळीला इंदूरचे मामा आले, पोरांचं गाणं ऐकून चकित झाले आणि म्हणाले, "ही काय चुलीमागे ठेवायची पोरं आहेत? माझ्याकडे पाठवा. तिकडे गुरुजी आहेत, त्यांच्या पायांशी बसवतो." पुंडलिकरावांनी लेकीकडे पाहिलं. लेक बरं म्हणाली. आजवरच्या आयुष्यात ती तेवढंच म्हणत आली होती. गाडी हलली तेव्हा पमीने खिडकीतून असा काही टाहो फोडला की सगळं स्टेशन वळून पाहू लागलं. सत्यवती रडली नाही. घरी आली, चूल पेटवली, वरणाला फोडणी देताना एकदा गंधार लावून पाहिला. भिंतीपलीकडून पंचम कुणी घेतला नाही. मग मात्र ती पाटावर बसून पोटभर रडली.

पुढे पुंडलिकरावही गेले. सत्यवतीचे केस पांढरे व्हायला लागले आणि शरूचा शरच्चंद्र झाला, पमीची प्रमोदिनी. भाऊ-बहीण एका बैठकीत गातात याचंच लोकांना आधी नवल होतं. नंतर ती काय गातात याचं वाटू लागलं. पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत नावं यायला लागली. तबकडी निघाली. मराठी मंडळाचे अध्यक्ष भय्यासाहेब वकील यांनी ती आणवली आणि सत्यवतीला मुद्दाम बोलावून ग्रामोफोनवर ऐकवली. ती खुर्चीच्या अगदी टोकाशी बसून, कान देऊन ऐकत होती. सुरेख गात होती पोरं. ताना कशा, मोत्याच्या सरीसारख्या. पण तबकडीवर वेळ तो किती? सुरू झालं म्हणेतो संपलं. सगळं तयार, सगळं घोटलेलं, आणि सगळं गुरुजींचं.

"कसं वाटलं बाई?" भय्यासाहेबांनी विचारलं.

"फार छान," ती म्हणाली, आणि खोटं बोलली नाही. फक्त घरी येताना तिच्या मनात एक गोष्ट सलत राहिली. गुरुजींचं नाव व्हावं, ते व्हायलाच हवं. आपलं नाव कुठे यावं असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण इतकी वर्षं चुलीपुढून ओरडून ओरडून जे दिलं, त्यातलं कणभर तरी त्या गळ्यांत उरलं असेल का? की गुरुजींनी पाटी पुसून नव्याने लिहिलं? एवढं एकदा कळलं असतं तर तिला पुरे होतं.

आणि त्या वर्षी मंडळाच्या शारदोत्सवात भावंडांचं गाणं ठरलं.

उतरण्याची सोय अर्थातच भय्यासाहेबांच्या बंगल्यावर. सत्यवतीने गाद्यांना ऊन दाखवून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. पण जेवायला दोघं घरी आली. शरच्चंद्राच्या खांद्यावर शाल, प्रमोदिनीच्या नाकात हिरा. उंबऱ्यात दोघांनी वाकून नमस्कार केला आणि ताई लगबगीने आत वळली. तिने पानं वाढली. गोळाभात केला होता.

"ताई, काहून इतकं वाढून राहिली? संध्याकाळी गायचं आहे," शरच्चंद्र म्हणाला.

"उपाशी गळा चालतो काय रे कुणाचा? खा चूपचाप."

जेवण होतंय न होतंय तोच प्रमोदिनीने कोपऱ्यातल्या पेटीवरचं फडकं उचललं आणि नेमकी ती पट्टी दाबली. फुस्स. नाकात हिरा घातलेली ती बाई लहान पोरीसारखी खिदळायला लागली. "अजून मुकीच! ताई, नीट नाही करवली?"

"कुणासाठी करवू? वाजवून कोण राहिलं इथं?"

तिला तसं म्हणायचं नव्हतं, पण निघून गेलं तोंडातून. प्रमोदिनीने फडकं पुन्हा पेटीवर घातलं. सत्यवतीच्या ओठांवर प्रश्न आला होता, की तुमच्या गाण्यात माझं काही उरलं का रे? पण असं विचारणं म्हणजे आपल्याच हाताने आपल्या पानात तूप वाढून घेणं. तिने विचारलं, "भातात मीठ बरोबर होतं ना?"

"होतं," शरच्चंद्र म्हणाला.

दुपारी भय्यासाहेब स्वतः आले. "बाई, मध्यंतरातल्या चहाचं तेवढं तुम्ही पाहून घ्या. दुसऱ्या कुणाला सांगू? सगळ्यांना समोर बसून ऐकायचं आहे."

बाईंना ऐकायचं नसेल हे भय्यासाहेबांनी कशावरून ठरवलं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. माणूस वाईट नव्हता. उत्सवासाठी स्वतः मांडवाच्या दोऱ्या ताणत हिंडणारा माणूस. पण काही लोकांना घरातली मिठाची बरणी जशी फक्त स्वयंपाकाच्या वेळी आठवते, तशी त्यांना सत्यवती आठवे. ती नेहमीप्रमाणे बरं म्हणाली.

संध्याकाळी मांडव गच्च भरला. पुढे वकील, डॉक्टर, मास्तर. एका बाजूला बायका. मदन महालाकडून आणि थेट पनागरहून टांगे करून आलेली मंडळी. गायकांच्या बैठकीमागे कनात, आणि कनातीमागे तीन दगडांची चूल. तिच्यावर दुधाची कढई, आणि कढईपुढे पळी घेऊन सत्यवती. मंडळाचा शिपाई बळीराम तिच्या मदतीला कपबशा पुसत होता.

भय्यासाहेबांचं भाषण सुरू झालं. ते बोलायला उभे राहिले की लवकर बसत नसत. "रसिकहो, या भावंडांचा भूप ऐकताना गंधारापूर्वीचा तो विराम नीट ऐका! जाणकार म्हणतात, असा विराम दुसऱ्या कुणाकडे नाही. ही त्यांच्या गुरुजींची खास ठेव!" मांडवात माना डोलल्या. यातलं सत्यवतीला काही ऐकू गेलं नाही, कारण नेमक्या त्याच वेळी बळीरामाने बशांची चळत खाली आपटली आणि ती त्याच्यावर डाफरत होती.

मग तंबोरे लागले. बोलणं आपोआप थांबलं. बळीरामही हातातलं फडकं तसंच धरून उभा राहिला. शरच्चंद्राने षड्ज लावला आणि प्रमोदिनीने त्यात आपला मिळवला. सत्यवती कनातीकडे पाठ करून दूध ढवळत होती. सा. किती वेळ नुसता सा. मग हळूच रे. आणि मग दोघं थांबली.

"ग," सत्यवती गायली.

मनातल्या मनात नव्हे, चांगली मोठ्याने, भिंतीपलीकडे ऐकू जावा असा. इतक्या वर्षांनीही सूर जिथल्या तिथे लागला. आणि तो गळ्यातून निघून गेल्यावर मग तिला कळलं की आपण काय केलं.

मांडवात खसखस पिकली. कुणीतरी शूः केलं. भय्यासाहेब ताडकन उठले. "कोण आहे तिकडे? बळीराम! कौन है पीछे?" बळीरामाने नुसतंच बाईंकडे पाहिलं. सत्यवतीचे कान तापले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. पोरं इतक्या वर्षांनी गावात गायला आली, आणि त्यांच्या गाण्यात विघ्न कुणी आणलं, तर घरच्याच माणसाने! मागच्या मागे निघून जावं म्हणून तिने पदर खोचला.

"बसा, भय्यासाहेब," शरच्चंद्राचा आवाज आला. तंबोरे वाजतच होते. "तो विराम गुरुजींची ठेव आहे म्हणालात. नाही." गुरुजींचं नाव घेताना त्याने कानाच्या पाळीला हात लावला. "गुरुजींनी तो काढून टाकायचा फार प्रयत्न केला. म्हणायचे, बेटा, गंधार के पहले रुकते क्यों हो? कौन आनेवाला है? आम्हाला उत्तर देता यायचं नाही. खरं सांगतो, आम्हालाही ते ठाऊक नव्हतं. शेवटी त्यांनीच नाद सोडला."

त्याने बहिणीकडे पाहिलं. तेव्हा प्रमोदिनी बोलली, आणि भर सभेत, घरातल्या भाषेत बोलली.

"आता कळलं ना. आम्ही ताईची वाट पाहून राहिलो होतो."

भय्यासाहेब उभेच होते. ते हळूच खाली बसले आणि बसता बसता त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. कनातीमागे सत्यवती कढईपुढे तशीच उभी होती. तिला जे विचारायचं होतं ते तिने विचारलंच नव्हतं, आणि उत्तर सगळ्या गावासमोर मिळालं होतं. तिचे डोळे भरून आले. चूल धुरकट आहे म्हणून, असं तिने बळीरामाला खुणेनेच सांगितलं.

पलीकडे पुन्हा षड्ज लागला. पुन्हा तितकाच सावकाश रे आला. आणि दोघं थांबली. या वेळी त्यांना आणि मांडवातल्या शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, कशासाठी.

"दीदी, दूध!" बळीराम कळवळून म्हणाला. दूध कढईच्या काठाला आलं होतं.

सत्यवतीने दुधाकडे पाहिलं. पळी खाली ठेवली, कनातीकडे तोंड केलं आणि गंधार लावला. दूध सगळं उतू गेलं. पलीकडून दोघांनी पंचम घेतला.