नकाशात नसलेली नहर

शुक्रवारी दुपारी बोर्डे सरांनी रिपोर्टचं शेवटचं पान माझ्यासमोर ठेवलं आणि पेनचं टोपणही काढून दिलं.

"सुनीता, सही कर. सोमवारी अपलोड आहे."

मी पर्यावरण सल्लागार कंपनीत काम करते. ऑफिस औरंगपुऱ्यात, दुसऱ्या मजल्यावर. खाली भांड्यांचं दुकान. मोठी इमारत बांधायची असेल तर तिच्यामुळे आसपासच्या पाण्याचं, हवेचं, झाडांचं, रहदारीचं काय होईल, याचा अभ्यास राज्याच्या समितीपुढं ठेवावा लागतो. त्याला आम्ही ईआयए म्हणतो. प्रत्येक विषयाचा एक्स्पर्ट आपापल्या भागाखाली सही करतो. पाण्याचा भाग माझा.

हा प्रोजेक्ट शहराच्या मध्यभागी, एका बसस्टँडला लागून होता. खाली दुकानं, वर ऑफिसं, त्याच्या वर फ्लॅट. आमच्या भाषेत टीओडी. म्हणजे जिथं बस मिळते तिथंच लोकांनी राहायचं आणि काम करायचं, म्हणजे गाड्या कमी लागतात. या गाड्या कमी करणाऱ्या इमारतीखाली तीन मजली पार्किंग होतं.

फील्डवर्क ज्या सहकाऱ्यानं केलं होतं तो नोकरी सोडून पुण्याला गेला होता. साइट मी पाहिलेली नव्हती. रिपोर्टात एक रकाना होता : जमिनीखालची जुनी जलरचना. पुढं लिहिलं होतं, 'नाही'.

आमच्या शहराखाली जुन्या नहरी आहेत हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. डोंगराकडचं पाणी उतारानं गावात आणणारे, जमिनीखालचे बांधीव पाट. बऱ्याच बुजल्या. काही अजून वाहतात. कुठली कुठून जाते, याचा पूर्ण नकाशा कुणाकडेच नाही.

"सर, एकदा साइट बघून येते."

"नकाशात नहर नाही. तपासणीचे पाच बोअर मारले, पाचही कोरडे. काय बघणार?"

"तासाभरात येते."

साइट ऑफिस म्हणजे पत्र्याची एक खोली. प्रोजेक्ट मॅनेजर कदम माणूस चांगला, पण घाईतला. त्यांनी चहा मागवला. बाहेर एक म्हातारा प्लंबर साइटला पाणी देणारी मोटार उघडून बसला होता. रहीमचाचा. सत्तरीच्या पुढचे. मी सहज विचारलं, "चाचा, बोअर किती खोल आहे?"

"कौनसा बोअर?" चाचा म्हणाले. "ये तो नहर का मुँह है, बेटा. मोटार मैंने ही उतारी."

कदम हसले. "चाचांचं काही ऐकू नका, मॅडम. त्यांना सगळीकडं नहरच दिसते."

चाचांनी वर न बघता स्क्रू पिळला. "पीछे की गली में हौद है. जाके पूछो, पानी किधर से आता."

मी मागच्या गल्लीत गेले. तिथं बुद्धविहाराशेजारी दगडी हौद होता. पाणी स्वच्छ, हळूहळू हलणारं. सुभद्राबाई साळवे कळशी भरत होत्या.

"उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिस पाणी नाय येत, बाई," त्या म्हणाल्या. "आख्खी गल्ली ह्याच्यावर हाय. तुमी मोजायला आलाव का? मंग नीट मोजा. वरून पाणी तुटलं तर आमी कुठं जावं?"

मी मूळची पिशोर गावची. घागरी घेऊन उभं राहणं काय असतं ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण समितीपुढं माझं पिशोर चालत नाही आणि चाचांचा शब्दही चालत नाही. पुरावा लागतो.

त्यासाठी डाय टेस्ट असते. पाण्यात निरुपद्रवी रंग सोडायचा आणि तो कुठं निघतो ते बघायचं. मी सरांकडं चार दिवस मागितले.

"क्लायंट जाईल, सुनीता."

"सर, सही माझी आहे. उद्या हौद आटला तर नावही माझंच निघेल."

"बुधवारपर्यंत," सर म्हणाले.

वरच्या अंगाला एका दर्ग्याच्या आवारात नहरीचं उघडं तोंड होतं. चाचांनी तिथल्या मुजावरांची परवानगी काढली. गल्लीत मी घरोघर सांगितलं, आदल्या दिवशी पाणी भरून ठेवा, बुधवारी हौद वापरू नका. कदमांना मेल केला. सीसीमध्ये बोर्डे सर होते. मेल दोघांनीही वाचला नाही.

बुधवारी सकाळी रंग सोडला आणि मी साइटवर येऊन थांबले. कदम कंपाउंडच्या विटांच्या ट्रकवर ओरडून आत आले, हात धुवायला नळ सोडला आणि तसेच उभे राहिले. पाणी हिरवं होतं. साधं हिरवं नाही, ट्रॅफिक सिग्नलसारखं.

"चाचा!" कदम ओरडले. "ये क्या है?"

"बोअर का पानी," चाचा म्हणाले.

थोड्या वेळानं सुभद्राबाईंचा फोन आला. हौद हिरवा झाला होता. नहर दर्ग्याकडून येऊन थेट प्लॉटखालून गल्लीत जात होती. पाच बोअर तिच्या दोन्ही बाजूंना पडले होते. पार्किंगचा खड्डा मात्र बरोबर तिच्यावर येणार होता.

कदम हात पुसत म्हणाले, "पार्किंग कमी केलं तर फ्लॅट कोण घेणार, मॅडम?"

"बसस्टँडला लागून राहणाऱ्याला तीन मजले गाड्या कशाला, सर? तुमच्याच रिपोर्टात लिहिलंय, गाड्या कमी होतील."

त्यांनी रिपोर्ट वाचला नव्हता. पण त्या दिवशी वाचला.

रकान्यात 'आहे' लिहिलं, नकाशा जोडला आणि मगच सही केली. समितीनं दोन अटी घातल्या : नहरीच्या दोन्ही अंगांना जागा सोडायची आणि त्या बाजूला खोदायचं नाही. पार्किंग एका मजल्यावर आलं. इमारत प्लॅनमध्ये थोडी सरकली. हौद अजून भरतो. बिल्डरनं जाहिरातीत लिहिलं, 'ऐतिहासिक नहरीच्या सान्निध्यात घरं'. पुढचं काम त्यांनी दुसऱ्या कंपनीला दिलं.

रिपोर्टात फील्ड टीममध्ये मी चाचांचं नाव टाकलं. सरांनी हुद्दा विचारला. मी 'स्थानिक जलतज्ज्ञ' लिहिलं. सरांनी ते खोडलं नाही. छापील प्रत चाचांना नेऊन दिली, तर त्यांनी आपलं नाव माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, "इसमें रहीम की स्पेलिंग बराबर है ना?"

एवढ्या वर्षांत मला एक गोष्ट कळली आहे. ऑफिसात बसून साइटचा रिपोर्ट लिहिला की पेट्रोल वाचतं. दुसरं काही वाचत नाही.