चित्राबाहेरचं झाड

परदेशी जाणाऱ्या मुलांची इंग्रजीच्या परीक्षेची तयारी मी घरीच करून घेतो. आज वर्णनाला सावरीच्या झाडाचं चित्र होतं. बोंड फुटतं, कापसात गुंडाळलेलं बी वाऱ्यावर उडतं, लांब कुठंतरी पडून रुजतं आणि नवं झाड होतं. चित्रात तो सगळा प्रवास बोटभर असतो.

लिहिता लिहिता रेवतीनं विचारलं, "सर, पहिल्या झाडाचं पुढं काय होतं?"

"चित्रात नाही ते लिहायचं नाही. मार्क जातात," मी म्हणालो. तिनं मान हलवली आणि पुढचं वाक्य सुरू केलं.

मुलं गेल्यावर खुर्च्या सरळ करताना खिडकीजवळच्या खुर्चीपाशी मी जरा रेंगाळलो. माझा निखिल तिथंच बसून हे सगळं शिकला आणि पहिल्याच खेपेला पास झाला. मी नीट शिकवलं, की मुलं परत येत नाहीत.

संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला. "बाबा, कसे आहात?"

टेबलावरचं एकट्याचं ताट दिसू नये म्हणून मी फोन थोडा वर धरला. मागची भिंत तेवढी चौकटीत राहिली.

"मजेत," मी म्हणालो.